अकरा महिन्यांचे घर : भाडेकरूंचे संरक्षण, पर्यटकांची वस्ती आणि शहरांतील कुलूपबंद खोल्या

विवाहाची घोषणा चर्चमध्ये वाचून झाली की बाहेर आवारात वधूवरांच्या आईवडिलांना पहिला प्रश्न विचारला जातो तो घराचा. मुले राहणार कुठे? पूर्वी वडिलोपार्जित घर हे या प्रश्नाचे एकच उत्तर होते. आता ज्यांची नोकरी अंधेरीला किंवा लोअर परळला आहे, अशी मुले बहुधा सांगतात, ‘सध्या भाड्याने, अकरा महिन्यांसाठी.’ अकरा महिने संपले की पुन्हा दलाल, पुन्हा अनामत रकमेची जुळवाजुळव, पुन्हा नवी सोसायटी आणि तिच्या सचिवांच्या नव्या अटी. पहिले बाळ येईपर्यंत काही जोडप्यांची तीन-तीन घरे बदलून झालेली असतात.

ही वणवण एकीकडे चालू असताना दुसरीकडे २०११ च्या जनगणनेने मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याची नोंद केली. देशातील सर्व शहरे धरली तर हा आकडा १ कोटी ११ लाखांच्या घरात जातो. घरांची टंचाई आणि रिकामी घरे एकाच शहरात एकाच वेळी कशी नांदतात, हा प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरात भाडेकरू-संरक्षणाचे कायदे, पर्यटकांना दिवसाच्या हिशेबाने दिली जाणारी घरे आणि आपल्या वसईची गेलेली शेते, अशा सगळ्याच गोष्टी येतात. आज जगातील अनेक शहरे याच प्रश्नाशी झगडत आहेत. त्यांपैकी ज्या शहराची अलीकडे सर्वाधिक चर्चा झाली, त्या स्पेनमधील बार्सिलोनापासून सुरुवात करू.

पवित्र कुटुंबाला वाहिलेल्या ‘साग्रादा फामिलिया’ महामंदिरामुळे हे शहर ख्रिस्ती जगताला परिचित आहे. त्याच शहरात आज सामान्य कुटुंबाला घर मिळेनासे झाले आहे. २०२४ च्या जूनमध्ये महापौर जाउमे कोलबोनी यांनी घोषणा केली की, पर्यटकांना अल्पकाळासाठी दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात येतील व त्यांचे नूतनीकरण होणार नाही. मागील दहा वर्षांत शहरातील घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली, हे त्यांनी त्याचे कारण सांगितले. घरमालकांच्या वतीने या धोरणाला न्यायालयात आव्हान मिळाले. परंतु ज्या कातालान कायद्याच्या आधारे हे पाऊल उचलले गेले, तो स्पेनच्या घटना न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरविला.

पर्यटकांच्या घरांमुळे भाडी वाढतात काय? वाढतात, याला पुरावा आहे. बार्सिलोनाचाच अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की, एअरबीएनबीमुळे शहरातील भाडी सरासरी १.९ टक्क्यांनी वाढली. मात्र ज्या वस्त्यांत अशी घरे दाटीने होती, तेथे ही वाढ ७ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे ६८ टक्क्यांच्या वाढीचा सारा दोष पर्यटकांच्या माथी मारता येत नाही. जुन्या शहराच्या गल्लीतील रहिवाशाला मात्र सरासरीशी कर्तव्य नसते. त्याच्या जिन्यावर दर आठवड्याला नव्या प्रवाशांच्या बॅगांची चाके वाजतात आणि शेजारी म्हणून हाक मारावी असे कोणी उरत नाही.

या गोष्टीचा दुसरा भाग वृत्तपत्रांतून तितकासा आला नाही, आणि आपल्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. स्पेनमध्ये राहत्या घराचा करार भाडेकरूची इच्छा असल्यास किमान पाच वर्षे चालू ठेवावा लागतो. मालक कंपनी असेल तर सात वर्षे. मार्च २०२४ पासून कातालोनियातील १४० नगरांत भाड्यावर कमाल मर्यादाही घालण्यात आली. नव्या करारांतील सरासरी भाडे त्यानंतर काहीसे उतरले, हे मान्य केले पाहिजे. पण नेहमीच्या करारांची संख्याही घटली, आणि ‘हंगामी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या करारांची संख्या लक्षणीय वाढली. विद्यार्थी, परदेशी नोकरदार, काही महिन्यांच्या कामासाठी आलेले लोक यांच्यासाठी हे करार असतात. भाड्याची मर्यादा आणि पाच वर्षांची सक्ती त्यांना लागू नव्हती. असा करार बहुधा किती महिन्यांचा असतो? अकरा!

मुंबईच्या वाचकाला यात नवल वाटू नये. बार्सिलोनाला जे दोन वर्षांत दिसले, ते आपण पाऊणशे वर्षे अनुभवीत आलो आहोत.

मुद्दा थोडा खोलात जाऊन पाहू. शहरातील एखादी सदनिका मालक स्वतः वापरतो, एखाद्या कुटुंबाला वर्षानुवर्षांसाठी भाड्याने देतो, पर्यटकांना चार-चार दिवसांसाठी देतो, विकून टाकतो किंवा सरळ कुलूप लावून ठेवतो. सरकार जेव्हा यांपैकी एखाद्या वापरासंबंधी नियम करते, तेव्हा ते घर नाहीसे होत नाही; ते एका वापरातून दुसऱ्या वापरात जाते. म्हणून गृहनिर्माणाचा कोणताही कायदा तपासताना विचारावयाचा प्रश्न हा की, या कायद्यानंतर घर कुठे जाईल? हेतू कितीही उदात्त असला तरी या प्रश्नाचे उत्तर चुकले की कायद्याचा लाभ आत बसलेल्यांना होतो आणि दाराबाहेरच्यांच्या तोंडावर दार लागते.

मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. त्याची वेळ ध्यानात घेतली पाहिजे. महायुद्ध नुकतेच संपले होते, बांधकाम साहित्याचा तुटवडा होता, फाळणीमुळे निर्वासितांचे लोंढे शहरात येत होते. अशा काळात मालकांनी मनमानी भाडे उकळू नये म्हणून १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच ‘प्रमाण भाडे’ ठरविण्यात आले आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे अवघड करण्यात आले. त्या घडीला हे योग्यच होते. हा कायदा तात्पुरता म्हणून आला होता. परंतु त्याची मुदत पुन:पुन्हा वाढविण्यात आली आणि १९४० चे भाडे शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ तसेच गोठून राहिले. गिरगाव, डोंगरी, माझगाव येथील खोल्यांचे महिन्याचे भाडे पुढे एका वेळच्या जेवणाइतकेही उरले नाही.

त्याचे परिणाम हळूहळू दिसू लागले. गिरणगावच्या काळात भाड्यासाठी चाळी बांधणे हा एक रीतसर व्यवसाय होता. शेठ, सावकार, धर्मादाय संस्था, सारेच त्यात पैसा गुंतवीत. भाडे गोठले तसा हा व्यवसाय आटला. चाळ बांधून भाडे खाण्यापेक्षा सदनिका बांधून विकणे लाभाचे ठरले. जुन्या चाळींच्या मालकांनी दुरुस्तीतून हात काढून घेतला. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये शासनाला वेगळा कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. उपकर भरून या मंडळाच्या छत्राखाली आलेल्या इमारतींची संख्या १९,६४२ होती व त्यांपैकी १६,५०२ इमारती १९४० पूर्वीच्या होत्या. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर मालक, भाडेकरू आणि शासन एकमेकांकडे बोट दाखवितात. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडेफार तथ्य असते, हीच खरी अडचण आहे.

भाडे गोठले तरी घराची किंमत गोठत नाही. ती पागडीच्या रूपाने बाहेर पडली. खोली सोडणारा भाडेकरू नव्या भाडेकरूकडून रक्कम घेई, तिचा हिस्सा मालकाला जाई, आणि हा सारा व्यवहार कायद्याच्या नजरेआड होई. गरिबासाठी स्वस्त ठेवलेल्या खोलीत शिरण्यासाठी गरिबालाच आधी मोठी रक्कम उभी करावी लागे.

त्यात १९७३ ची दुरुस्ती आली. भाडेकरूचे हक्क लागू होऊ नयेत म्हणून काही मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे केवळ वापर-परवान्याने घर देत असत. शासनाने ठरविले की, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे अशा परवान्याने घरात राहत आहेत, ते संरक्षित भाडेकरू समजले जातील. हजारो कुटुंबांना एका रात्रीत निवारा पक्का झाला. पण त्याच रात्री मालकवर्गाने एक धडा घेतला, तो आजतागायत विसरलेला नाही. एकदा आत घेतलेला माणूस बाहेर जाईलच याची शाश्वती नाही. तेव्हा घर रिकामे राहिले तरी चालेल, पण द्यायचे नाही. ज्या मावशींनी किंवा काकांनी बोरिवलीची खोली वीस वर्षे बंद ठेवली आणि तरीही कोणाला दिली नाही, त्यांच्या मनातील भीतीचा उगम येथे आहे.

अखेर डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, इतकी वर्षे गोठविलेले भाडे आता समर्थनीय राहिलेले नाही. कायद्याची मुदत संपत आली होती म्हणून न्यायालयाने तो तेथल्या तेथे रद्द केला नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली, पागडीला मान्यता दिली आणि जुन्या भाडेकरूंचे संरक्षण मुख्यतः कायम ठेवले. वर्षाला ४ टक्के वाढ ऐकायला बरी वाटते. पण ती मूळच्या गोठलेल्या भाड्यावरच मिळावयाची असल्याने शंभर रुपयांचे एकशेचार होतात, इतकेच.

येथे थोडे विषयांतर करून आपल्या गोव्याच्या बांधवांच्या ‘कूड’ या संस्थेचा उल्लेख केला पाहिजे. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या एकेका गावाच्या नावाने हे क्लब चालत. जहाजावर कामाला निघालेला खलाशी बोलावणे येईपर्यंत तेथे राही. भिंतीलगत त्याची पेटी, रात्री जमिनीवर अंथरूण, संध्याकाळी गावच्या आश्रयदात्या संताच्या वेदीपुढे रोझरी, आणि महिन्याची वर्गणी अगदी थोडी. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत असे कितीतरी कूड एकत्र होते. अल्पकाळाचे वास्तव्य म्हणजे काहीतरी आक्षेपार्ह, असे जे आज समजले जाते, त्याला हे उत्तर आहे. शहराला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी जागा लागतेच. जुन्या भाड्यामुळेच हे कूड तगून राहिले, हेही खरे. परंतु ते जुन्या इमारतींतच राहिले. उद्या एखाद्या गावाला किंवा धर्मग्रामाला आपल्या मुलांसाठी मुंबईत असे स्थान उभे करावेसे वाटले, तर त्या भाड्याची जागा कोण देणार?

भाडे नियंत्रणाला केवळ दूषणे देऊन मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. सॅन फ्रान्सिस्को शहराने १९९४ मध्ये भाडे नियंत्रणाची व्याप्ती वाढविली. त्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना संरक्षण मिळाले ते आपल्या घरात, आपल्या वस्तीत टिकून राहण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढली. हा लाभ लहान नाही. म्हातारपणी शेजार, दवाखाना, चर्च सुटू नये यासाठी माणसे काय मोल देतील हे आपण जाणतो. पण त्याच अभ्यासाने हेही दाखविले की, ज्यांच्यावर नियंत्रण आले त्या मालकांनी भाड्याच्या घरांचा पुरवठा १५ टक्क्यांनी घटविला, घरे विकली वा पाडून नवी बांधली, आणि त्यामुळे उर्वरित शहरातील भाडी सुमारे ५ टक्क्यांनी वाढली. आत असलेल्यांनी जे कमावले, ते बाहेरच्यांच्या खिशातून आले. बाहेरचे बहुधा तरुण असतात, नव्याने शहरात आलेले असतात, आणि त्यांची संघटना नसते.

आज मुंबईत नवे घर भाड्याने घेणाऱ्याची स्थिती मात्र अगदी उलट आहे. १९९९ च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सच्या मालकाला निर्धास्त केले. मुदत संपल्यावर न निघणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची सोय झाली व दुप्पट भरपाईची तरतूद झाली. लेखी व नोंदणीकृत करार बंधनकारक होऊन त्याची जबाबदारी मालकावर टाकण्यात आली; करार नोंदविलेला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. करार किती महिन्यांचा असावा, याविषयी अकराचे बंधन आता कायद्यात कुठेही नाही. एक वर्षाहून कमी मुदतीच्या करारास नोंदणी लागत नसे, त्या काळाची ती सवय आहे. सवय मात्र टिकली, कारण ती मालकाला सोयीची आहे आणि दलालालाही, ज्याची दलाली दर वर्षी नव्याने निघते.

म्हणजे एकाच शहरात, कधीकधी एकाच रस्त्यावर, दोन भाडेकरू राहतात. एकाचे भाडे नाममात्र आहे आणि त्याला हलविणे जवळजवळ अशक्य आहे. दुसरा पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात घालतो आणि दहाव्या महिन्यापासून नवीन घराच्या शोधात असतो. ‘आमच्या सोसायटीत मांसाहार चालत नाही’ असे दारातच ऐकून घेतलेली आपली मुले काही कमी नाहीत, आणि त्यांच्यासाठी १९९९ च्या कायद्यात एक ओळही नाही. संरक्षणाचा सारा साठा पहिल्यावर खर्च झाला. दुसऱ्याच्या वाट्याला काही उरले नाही.

एवढे होऊनही मालक घर देण्यास पुढे येत नाही, यामागे हिशेबही आहे. मुंबईत घराच्या किमतीच्या मानाने वर्षाचे भाडे साधारणतः २ ते ३ टक्के येते. समजा, १ कोटीचा फ्लॅट आहे. महिन्याला सुमारे १७ ते २५ हजार मिळतील. बँकेतील ठेव यापेक्षा अधिक देते. ज्याने घर किंमत वाढेल म्हणून घेतले आहे, त्याला भाडेकरूची कटकट नको असते. केंद्र शासनाच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार शहरी भारतात भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. कमी परतावा आणि करार अमलात येण्याविषयीचा अविश्वास, ही रिकाम्या घरांची कारणेही त्याच पाहणीत नमूद आहेत.

भाड्याचे घर मिळेना म्हणून मध्यमवर्गाला घर विकत घ्यावे लागले, आणि मुंबईत विकत घेणे परवडेना म्हणून तो पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे सरकत गेला: मीरा रोड, वसई, नालासोपारा, विरार. केवळ भाडे कायद्यामुळे वसईची बागायत गेली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बिल्डर होते, राजकारण होते, आणि सातबारा हाती धरून व्यवहाराला बसलेले आपण स्वतःही होतो. पण गिरगाव-परळच्या खोलीत ज्यांना भाडेकरू म्हणून जागा मिळाली असती, त्यांतील कित्येकांना नालासोपाऱ्याचा फ्लॅट घ्यावा लागला, एवढे नक्की. २०११ मध्ये वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. हरित वसईसाठी झालेल्या चळवळीचा इतिहास सांगताना मुंबईच्या १९४७ च्या कायद्याचा उल्लेख कोणी करीत नाही. तो करावयास हवा.

आता पर्यटकांच्या घरांकडे. महाराष्ट्र-गोव्यात हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे दिसतो तो गोव्यात. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील पाचांपैकी एक घर रिकामे आढळले. काही घरांचे मालक लंडन, लिस्बन, दुबईत आहेत. काही घरे पोर्तुगीज नागरी कायद्यानुसार सर्व भावंडांच्या समाईक मालकीची आहेत आणि एकाची सही नसल्याने दाराचे कुलूप निघत नाही. आणखी एक कारण घरमालक खासगीत सांगतात. गोव्याचा १९६८ चा भाडे व निष्कासन नियंत्रण कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा यांमुळे ‘एकदा ठेवलेला माणूस निघत नाही’ ही समजूत तेथेही पक्की आहे. मुंडकार कायदा न्यायाचा होता. भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला त्याने माणसासारखे उभे केले. पण त्या भीतीची सावली आजच्या भाडेकरूवर पडते. पर्यटक चार दिवसांनी निश्चित जातो. त्याला हक्क निर्माण होत नाही आणि तो चार दिवसांत जे देतो ते शिक्षक, परिचारिका किंवा बँकेतील कारकून महिन्याला देऊ शकत नाही. कांदोळी-हणजूणचे घर मग कोणाला मिळेल, हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही. गोव्यात अशा घरांची १९८२ च्या पर्यटन व्यवसाय कायद्याखाली नोंदणी करावी लागते. परंतु नोंदणी म्हणजे नियंत्रण नव्हे.

मग पर्यटकांना घरे देण्यावर बंदी घालावी काय? न्यूयॉर्कने जवळजवळ तसे केले. ५ सप्टेंबर २०२३ पासून तेथे यजमान स्वतः त्या घरात राहत असल्याशिवाय आणि शहराकडे नोंदणी असल्याशिवाय तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर देता येत नाही. एअरबीएनबीवरील अल्पकालीन घरांची संख्या झपाट्याने कोसळली. हॉटेलांचे दर वाढले. घरभाडी मात्र उतरली नाहीत. २०२३ च्या पाहणीत न्यूयॉर्कमधील भाड्यासाठी उपलब्ध रिकाम्या घरांचे प्रमाण अवघे १.४ टक्के होते, १९६८ नंतरचे सर्वांत कमी. अशा तहानेपुढे काही हजार घरे म्हणजे ओंजळभर पाणी. त्याच शहरात भाडे-नियंत्रित अशी हजारो घरे मालकांनी बंद ठेवली आहेत. २०१९ च्या कायद्यानंतर दुरुस्तीचा खर्च भाड्यातून भरून निघत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. भाडेकरू संघटना त्यांना साठेबाज म्हणतात. आमच्या मते दोघेही आपापल्या जागी खरे बोलत आहेत.

तरीही बार्सिलोना किंवा गोव्यासारख्या ठिकाणी, जेथे एखादी संपूर्ण वस्तीच पर्यटकांची होऊ पाहते, तेथे मर्यादा हवी. स्वतःच्या घरातील एक खोली पाहुण्याला देणारी विधवा आणि तीस सदनिका घेऊन त्या चालविणारी कंपनी यांना एकाच मापाने मोजता कामा नये. पण मर्यादा घालून घर पर्यटकाकडून सुटले म्हणजे ते कुटुंबाकडे जाईलच, असे समजणे भोळेपणाचे आहे. कुटुंबाला घर देणे मालकाला सुरक्षित वाटले नाही, तर ते कुलुपाकडे जाईल.

यावर तोडगा म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा संमत केला. राहत्या घरासाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको, घरात येण्यापूर्वी मालकाने चोवीस तासांची सूचना द्यावी, वाद स्वतंत्र भाडे प्राधिकरणापुढे ठराविक मुदतीत निकाली निघावेत, आणि मुदत संपूनही न निघणाऱ्याने पहिले दोन महिने दुप्पट व नंतर चौपट भाडे भरावे, अशा त्याच्या तरतुदी आहेत. तो केवळ पुढील करारांना लागू होईल. जुन्या भाडेकरूंना हात लावणार नाही. मात्र जे राज्य स्वीकारील तेथेच तो चालेल. त्याची दिशा योग्य आहे, असे आम्हाला वाटते. भाडे किती असावे हे ठरविण्यापेक्षा करार पाळला जाईल याची हमी त्यात आहे. उणीव एवढीच की, भाडेकरूला किमान किती काळ राहू द्यावे याविषयी तो मौन पाळतो. मुलांची शाळा एक वर्षाची नसते. तीन वर्षांचा करार, मधल्या काळात ठरलेली वाढ, मालकाला वेळेवर ताबा मिळण्याची खात्री आणि असा करार करणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सवलत, एवढे जमले तरी अकरा महिन्यांचे फेरे पुष्कळ कमी होतील. जुन्या पागडीच्या इमारतींचा प्रश्न वेगळा आहे. तेथे राहणाऱ्या वृद्धांना बाजारभावाच्या तोंडी देणे कोणालाही मान्य होणार नाही, आणि पुनर्विकासावाचून त्या इमारती उभ्याही राहणार नाहीत.

हा विषय केवळ शासनाचा नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये, रोममध्ये ज्युबिली वर्षाची तयारी चालू असताना आणि तेथील सदनिका यात्रेकरूंसाठी भराभर राखल्या जात असताना, रोममधील धर्मग्रामांना व संन्यस्त संस्थांना आपल्या वापरात नसलेल्या जागा बेघर व गरजू कुटुंबांसाठी खुल्या करण्याची विनंती केली होती. यात्रेकरू म्हणून तेथे गेलेल्या आपल्यापैकी काहींनी अशाच सदनिकांत मुक्काम केला असेल. त्यात गैर काही नाही. पण ती विनंती रोमपुरतीच होती असे समजण्याचेही कारण नाही. आपल्या धर्मग्रामांत परदेशी असलेल्या मुलांचे बंद मजले आहेत, मुंबईला गुंतवणूक म्हणून घेतलेल्या खोल्या आहेत. नवविवाहित जोडपे आणि अशा घरांचे मालक रविवारी एकाच मिस्साला शेजारी बसतात. धर्मग्राम मंडळाने दोघांची गाठ घालून दिली, नोंदणीकृत करार कसा करावा हे एखाद्या वकिलामार्फत समजावून दिले, तर त्याला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

२०२७ च्या जनगणनेसाठी घरांची यादी करताना प्रत्येक दारापाशी प्रगणक एक गोष्ट नोंदवितो: घर वापरात आहे की रिकामे. २०११ नंतर एवढ्या वर्षांनी ही मोजणी होत आहे. मुंबईच्या ४ लाख ८० हजारांचे आता किती झाले, गोव्याच्या पाचांपैकी एकाचे काय झाले, हे त्या आकड्यांतून कळेल. वसई तालुक्यातील बंद सदनिकांची गणतीही त्यात असेल.